आवाज आवाजाला खातो

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पखवाज आला, टाळ आले. गाणाऱ्या बाई मात्र आल्या नाहीत.

तशा त्या होत्या. शब्द कळत होते, सूरही लागत होता. पण पखवाजाची थाप छातीवर बसत होती, टाळांची किणकिण थेट कानाशी येत होती आणि बाई कुठंतरी भिंतीपलीकडं. आई स्वयंपाकघरातून डोकावली. म्हणाली, "काय रे, या बाई शेजाऱ्यांकडं बसून गातायत का?"

चार महिन्यांचे शनिवार-रविवार घालून घरी बांधलेल्या थ्री-वे स्पीकरची ही पहिली परीक्षा, आणि परीक्षकाचं निदान तंतोतंत बरोबर. मी सगळ्या जोडण्या तीन-तीनदा तपासल्या होत्या. लाल तार लालला, काळी काळीला. एकही जोड कच्चा नव्हता. खोक्यातले तिन्ही स्पीकर जिवंत होते. मग बाईंचा आवाज गेला कुठं?

तो खाल्ला गेला होता. आणि खाणारा होता आवाजच! हे ऐकून तुम्ही भुवया उंचावल्या असतील, तर थोडं थांबा. स्पीकर बांधणं म्हणजे पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या तारेपर्यंत याच एका गोष्टीशी चाललेली झटापट असते.

आधी हे बघू, की एका खोक्यात तीन स्पीकर लागतातच कशाला? आपल्या घरातली हार्मोनियम तीन-साडेतीन सप्तकांची. कसलेला गवई तेवढ्यात अख्खं विश्व उभं करतो. आणि आपला कान? तरुण, निरोगी कान 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. दर सप्तकाला कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे ही झाली जवळजवळ दहा सप्तकं! हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो. त्यामुळं 20 हर्ट्झची एक लाट 17 मीटर लांब असते, पाच मजली इमारतीएवढी. 20,000 हर्ट्झची लाट पावणेदोन सेंटिमीटरांची, एका शेंगदाण्याएवढी. आणि दोन्ही आपल्याला हव्या असतात, एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच जागेवरून.

हे काम करणारं यंत्र मात्र अगदीच साधं. कागदाचा एक शंकू, त्याच्या बुडाशी तारेची गुंडाळी, गुंडाळीभोवती लोहचुंबक. तारेतून वीज खाली-वर झाली की गुंडाळी पुढं-मागं होते, कागद हवा ढकलतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 साली या रचनेला कामाचं रूप दिलं. शंभर वर्षं झाली. फोनपासून मांडवातल्या भिंतीएवढ्या डीजेपर्यंत बहुतेक सगळे स्पीकर आजही त्याच जातीचे.

आता गंमत बघा. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर त्याच कागदाला किती जास्त हलावं लागतं? दुप्पट? नाही, चौपट. दोन सप्तकं खाली सोळापट. 3200 हर्ट्झपासून 50 हर्ट्झपर्यंत सहा सप्तकं होतात. सहा चारांचा गुणाकार केला की येतात 4096. म्हणजे वरच्या सुराला ज्या कागदाचं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका हलून भागत होतं, त्याला खालच्या सुराला चार मिलिमीटर हलावं लागतं! डोळ्यांनी दिसेल एवढं. त्यासाठी तो मोठा हवा, दणकट हवा, मोकळा हवा. उलट टाळ वाजवायचे तर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलायची, म्हणजे हलका, इवला, चपळ हवा. पैलवानालाच सुईत दोरा ओवायला बसवण्यातला हा प्रकार.

म्हणून कामं वाटून द्यायची. माझ्या खोक्यात तळाशी दहा इंची वूफर, मध्ये पाच इंची मिडरेंज आणि वर ट्विटर, रेशमी कापडाची 25 मिलिमीटरची टिकली. या ट्विटरचा हलणारा भाग एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. तांदळाचे दहा-बारा दाणे तळहातावर घ्या, तेवढाच!

पण तीन स्पीकर हाती आले म्हणजे आवाज आला, असं नाही. उलट पहिला धक्का इथंच बसतो, आणि तो तुम्हीही घरी अनुभवू शकता. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एखादा सहा इंची स्पीकर आणा आणि अँपला जोडून, आवाज लहान ठेवून, नुसता हातात धरा. चिरका, पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येईल. आता एक मोठा पुठ्ठा घ्या, त्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर दाबून धरा. ढोलकीला एकदम पोट येतं! स्पीकर तोच, वीज तेवढीच. हा भारदस्तपणा पुठ्ठ्यातून आला का?

नाही, तो आधीपासूनच होता. कागद पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक, त्या स्पीकरच्या कडेला सहज वळसा घालतात. पुढचा दाब मागच्या पोकळीत जाऊन बसतो आणि हिशेब मिटतो. एक जण हौदात बादली ओततोय, दुसरा त्याच क्षणी बादली उपसतोय. दोघंही घामाघूम, पाण्याची पातळी जागच्या जागी. पुठ्ठ्यानं फक्त मध्ये भिंत घातली.

खोकं करायचं ते या भिंतीसाठी. पुढचा आवाज खोलीत जाऊ द्यायचा, मागचा कोंडून ठेवायचा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून 18 मिलिमीटरचा एमडीएफ कापून आणला. गोल भोकं पाडायला राउटर हवा, तो आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मिस्त्रींकडं होता. त्यांनी आधी विचारलं, "साहेब, हे देवघर का?" मग मी आत आडव्या-तिडव्या पट्ट्या ठोकायला सांगितल्यावर म्हणाले, "आत कोण बसणारे एवढं?"

प्रश्न रास्त होता. आत हवा बसणार होती, आणि ती काही गरीब नसते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा ढकलून बघा, हवा स्प्रिंगसारखी उसळून येते. बंद खोक्यात वूफरमागं हीच स्प्रिंग असते. अमेरिकेतल्या एडगर व्हिल्चर यांनी 1954 साली ती अडचण न मानता कामाला लावली: वूफरचा पडदा मुद्दाम ढिला ठेवायचा आणि त्याला ताळ्यावर आणायचं काम कोंडलेल्या हवेला द्यायचं. कपाटाएवढी खोकी त्यानंतर पुस्तकांच्या फळीवर मावू लागली. पुढं ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं गणितात बसवलं. म्हणून आज वूफरच्या माहितीपत्रकावरचे चार आकडे घेऊन, एकही फळी न कापता, खोकं किती लिटरचं हवं ते सांगता येतं. मला विचाराल तर या अख्ख्या धंद्यातली सर्वांत मोठी मेहेरबानी या दोघांची.

आणि आता कापूस. खोक्यात उशीत भरतात तो रेक्रॉन भरला, तर वूफरला खोकं आहे त्यापेक्षा मोठं वाटू लागतं! जागा अडवणारी वस्तू आत घातली आणि जागा वाढली? हवा दाबली की तापते, तापलेली हवा जास्त ताठ होते. कापसाचे तंतू ती ऊब क्षणात शोषून घेतात आणि हवा सुटताना परत देतात. त्यामुळं हवा मऊ राहते, आणि मऊ हवा म्हणजेच मोठं खोकं. एखाद्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ही उष्णतेची देवाणघेवाण होऊन जाते. उशीत डोकं ठेवताना याचा विचार कुणी केला असेल?

पहिलं खोकं बंद करून वूफर हलक्या हातानं आत दाबला. खोकं हवाबंद असेल तर तो सावकाश, आळोखेपिळोखे देत वर येतो. माझा चटकन आला. म्हणजे कुठंतरी गळती. शोधायची कशी? देव्हाऱ्यातली उदबत्ती घेतली, पखवाजाचा ठेका लावला आणि उदबत्ती सांध्यासांध्यांवरून फिरवत नेली. मागच्या बाजूला तारा जोडायची जी प्लेट असते, तिच्या खालच्या स्क्रूपाशी धूर नाचायला लागला. धा आला की झुळूक बाहेर, धूर आडवा. मधल्या शांततेत पुन्हा सरळ. आवाज म्हणजे हवेचं हलणं हे शाळेत पाठ केलं होतं, दिसलं त्या दिवशी. थोडं सिलिकॉन लावलं, धूर सरळ झाला.

राहिली वाटणी. अँपमधून येणाऱ्या दोन तारांत पखवाज, बाई आणि टाळ असे एकमेकांत कालवलेले असतात. त्यातलं कुणी कुठं जायचं हे ठरवतो क्रॉसओव्हर. त्याला ना चिप, ना बॅटरी. त्यात मुख्यतः दोनच तऱ्हेचे भाग असतात. एक कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेची नुसती गुंडाळी. तिचा स्वभाव भरलेल्या एसटीचा: निघायला वेळ, थांबायला वेळ. सावकाश बदलणारी वीज ती जाऊ देते, भराभर दिशा बदलणारी अडवते. दुसरा कपॅसिटर. पाण्याच्या नळात मधोमध रबराचा पडदा ताणून बसवलाय असं समजा. पाणी पलीकडं जाणार नाही, पण अलीकडून भराभर हिसके दिले तर ते हिसके पलीकडं पोचतील. झालं! कॉइलमागं वूफर, कपॅसिटरमागं ट्विटर, आणि मिडच्या वाटेवर दोन्ही. 8 ओहमच्या ट्विटरला 3500 हर्ट्झच्या वरचंच द्यायचं, तर साधारण 5.7 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर पुरतो. शेंगेएवढा तुकडा, पण टाळ आणि पखवाज निवडून वेगळे करतो.

पुरतो म्हणजे, कामापुरता. एका भागाची चाळण भरड असते, थोडा खालचा आवाजही ट्विटरकडं निसटतो. नाजूक टिकलीला तो सोसत नाही. म्हणून मी प्रत्येक वाटेवर दोन-दोन भाग लावले, चाळण बारीक केली. वाटण्या 500 आणि 3500 हर्ट्झवर. कॉइल मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून गुंडाळून आणल्या, मोठीला दोनशेहून जास्त वेढे. त्या बसवतानाही एक जादू. दोन कॉइल शेजारी-शेजारी, एकाच दिशेला तोंड करून ठेवल्या, तर त्यांचा नकळत ट्रान्सफॉर्मर होतो. एकीतला पखवाज तारेवाचून दुसरीत उडी मारतो. एक आडवी आणि दुसरी उभी ठेवा, काटकोनात. कुजबुज थांबते.

हे सगळं केलं, बटण दाबलं, आणि बाई शेजाऱ्यांकडं.

तर आता बाईंकडं वळू. मल्टिमीटर लावला: वूफर 6 ओहमच्या आसपास, मिड तेवढाच, ट्विटरही. लिहिलेलं असतं 8, मीटर दाखवतो 6. यात घाबरण्यासारखं काही नाही, दिशा बदलणाऱ्या विजेला मिळणारा विरोध वेगळा असतो. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि थेट वूफरच्या टोकांना टेकवला. धन टोक लालला. वूफर बाहेर उडाला. मिडला टेकवला, तोही बाहेर. दोघांची तोंडं एकाच दिशेला. मग तोच सेल खोक्यामागच्या टोकांना लावला: वूफर हलला, मिडनं एकदा टक् केलं आणि गप्प. कपॅसिटरचा पडदा! सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं.

आणि दोष पुस्तकाबरहुकूम असण्यातच होता.

कॉइल एसटीसारखी आहे म्हटलं ना? ती फक्त अडवत नाही, उशीरही करते. कपॅसिटर उलट, घाई करतो. बरोबर वाटणीच्या सुरावर, म्हणजे 500 हर्ट्झला, माझ्या दोन-दोन भागांच्या चाळणीनं वूफरला पाव आवर्तन मागं ठेवलं होतं आणि मिडला पाव आवर्तन पुढं काढलं होतं. फरक किती? अर्धं आवर्तन. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर त्रितालातल्या आठ मात्रांएवढा. एकाची सम येते तिथं दुसऱ्याची खाली! वूफर बाहेर येतो त्याच क्षणी मिड आत जातो. एक बादली ओततो, दुसरा उपसतो. 500 हर्ट्झला हे अर्धं आवर्तन भरतं एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यानं बाई गेल्या.

पखवाज आणि टाळ मात्र वाचले. का? कारण खाली वूफर एकटाच बोलतो, वर ट्विटर एकटाच. भांडायला जोडीदारच नाही. भांडण होतं ते शिवणीपाशी, जिथं दोघं सारख्याच जोरानं बोलतात. आणि माझ्या दोन्ही शिवणी बाईंच्या अंगावरून जात होत्या. आवाजाचा भरीवपणा 500च्या आसपास, शब्दांची धार 3500च्या आसपास, दोन्हीकडं खड्डा.

खरंच खड्डा. शंका नको म्हणून लॅपटॉपवर फुकट मिळणारं मोजणीचं सॉफ्टवेअर चढवलं, मायक्रोफोन ट्विटरच्या उंचीवर ठेवला आणि खालपासून वरपर्यंत एक सलग सूर सोडला. पडद्यावर आलेख उमटला: दोन ठिकाणी रेघ विहिरीत उतरल्यासारखी खाली. आणि यातली मजेदार गोष्ट मला नंतर समजली. स्पीकर बांधणारे जाणते लोक ही विहीर मुद्दाम पाडून बघतात. दोन आवाज एकमेकांना पुरते गिळत असतील, तर याचा अर्थ ते जोरात आणि वेळेत अगदी बरोबरीचे आहेत. विहीर जितकी खोल, तितकी जोडणी नेमकी! माझ्या खोल होत्या. म्हणजे चार महिन्यांचं काम चोख होतं, फक्त उत्तराचं चिन्ह चुकलं होतं.

दुरुस्ती? मिडच्या दोन तारा सोडवायच्या आणि अदलाबदल करून जोडायच्या. लाल काळीला, काळी लालला. चिन्ह उलटलं की अर्धं आवर्तन फिरतं, आणि वजाबाकीची बेरीज होते. मिड दोघांच्या मध्ये, त्यामुळं एकाच उलटापालटीनं दोन्ही शिवणी जुळल्या. दुसऱ्या खोक्यालाही तेच केलं. दहा मिनिटांचं काम. रेकॉर्ड पुन्हा लावली आणि बाई दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथं आमची रिकामी खुर्ची आहे, तिथं येऊन बसल्या. आई पुन्हा डोकावली. या खेपेला काही बोलली नाही, हात पुसत तिथंच उभी राहिली.

उभी राहिली, आणि तिला बाई थोड्या लांब वाटल्या! तिनं ते नंतर सांगितलं. कारण 3500 हर्ट्झची लाट दहाएक सेंटिमीटरांची. ट्विटर आणि मिडपासून कानापर्यंतच्या अंतरांत पाच सेंटिमीटरांचा फरक पडला की पुन्हा समेवर खाली. बसलेल्याला दोन्ही सारख्या अंतरावर, उभ्याला नाही. म्हणून ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवतात.

अजून एक कसर होती, आवाज किंचित किरटा. ते कोडं गणपतीत सुटलं. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडं असते तेव्हा काय ऐकू येतं? ढोल. कोपरा वळून जवळ गेलात की ताशा उलगडतो, आणि झांज तर समोर आल्यावरच. ढोलाच्या कित्येक मीटर लांब लाटा वाड्यांच्या कोपऱ्यांना वळसे घालत येतात. झांजेच्या इवल्या लाटा भिंतीला थडकून परततात. माझं खोकं 28 सेंटिमीटर रुंद. साधारण 400 हर्ट्झच्या खालचा आवाज त्यालाही वळसा घालून मागं जातो, वरचा पुढंच राहतो. खालचा निम्मा दाब, 6 डेसिबल, असा पाठीमागं सांडत होता. खोकी भिंतीच्या थोडी जवळ सरकवली, वूफरच्या मानानं वरच्या दोघांना जरा आवर घातला. भागलं.

जाता जाता एक हिशेब. असा घरगुती स्पीकर विजेपैकी हजारातले जेमतेम चार-पाच भाग आवाजात बदलतो. 50 वॅट द्या, पाव वॅटही आवाज होत नाही; बाकी सगळी ऊब. सगळं घर भरून टाकतो तो त्या उरलेल्या कणभरात.

दोन्ही खोकी आता पक्की बंद आहेत. उद्या कुणी ती उघडलीच, तर मिडच्या मागं एमडीएफवर मार्करनं लिहिलेलं दिसेल: "तार उलटी आहे. तशीच राहू द्या."